ओला दगड

२१ मे, बुधवार. एर्लांगेन

काल दुपारी पोचलो. फ्रँकफर्टला विमान उतरलं, तिथून रेल्वेने इकडे. सून उत्कर्षा न्यायला आली होती. रेल्वेत तिकीट तपासायला कोणी येईना, म्हणून मला जास्तच धास्ती. तिकीट हातात धरून बसलो ते घामाने ओलं झालं. उत्कर्षा म्हणाली, "बाबा, ठेवा खिशात, माझ्या फोनमध्ये पण आहे." तरी धरून बसलो.

खाणीवर मुकादम होतो तेव्हा मी रोज हजेरी लिहायचो. कोण आलं, कोण आलं नाही, कोणाला लागलं. हाताला ती सवय आहे म्हणून ही वही आणली. सातवी शिकलेला माणूस काय लिहिणार, असं माझी बायको गयाबाई म्हणाली. मग तीच म्हणाली, "विसराल तुम्ही. लिहूनच आणा."

काय लिहून आणायचं ते पहिल्याच पानावर लिहितो. आमचा एकुलता मुलगा उज्ज्वल मागच्या तेरा ऑक्टोबरला इथल्या एका घळीत कडा चढताना पडून गेला. वय अडतीस. उत्कर्षाने फोनवर एवढंच सांगितलं, "पाय सुटला, बाबा." आम्हाला व्हिसा मिळेपर्यंत इकडे सगळं उरकलं होतं. गयाबाईचे गुडघे गेलेत, तिला प्रवास होत नाही. मी निघालो तर दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तिथे जाऊन रडत बसू नका. माझ्या पोराला कोणी मारलं ते विचारून या."

तेवढं विचारून जायचं आहे. चौदा ऑगस्टचं परतीचं तिकीट आहे.

२४ मे, शनिवार

इथलं दार बाहेर पडलं की आपोआप बंद होतं. किल्ली आत राहिली तर माणूस बाहेर. मी किल्ली सुतळीने गळ्यात बांधली आहे. दिया बघून हसली. दिया म्हणजे नात, नऊ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. मी "जेवलीस का?" विचारलं की "या, या" म्हणते. पहिल्या दिवशी मला वाटलं मला बोलावते आहे. नंतर कळलं, ते 'हो' आहे.

कचऱ्याचे चार डबे. कशात काय टाकायचं ते कागदावर लिहून भिंतीला लावलं आहे, उज्ज्वलच्या अक्षरात. मराठीत. आमच्यासाठीच लिहून ठेवलं असणार, आम्ही दोघं येणार म्हणून. मी आज केळ्याचं साल हातात घेऊन त्या कागदासमोर बराच वेळ उभा होतो.

उत्कर्षा विद्यापीठात संशोधन करते. सकाळी सायकलवर जाते, संध्याकाळी येते, स्वयंपाक करते, दियाचा अभ्यास घेते. उज्ज्वलचं नाव काढत नाही. मी काढलं तर "हो ना, बाबा" म्हणते आणि उठते.

१ जून, रविवार

सकाळपासून पाऊस. इथे रविवारी ठोकाठोक करायची नाही, मशीन लावायचं नाही. मी चालतानाही पाय हळू टाकतो, खालचे लोक तक्रार करतील.

पाऊस थांबला तेव्हा दियाला खिडकीशी बसवून दगडाची गोष्ट सांगितली. वाघोलीच्या खाणीत मी पस्तीस वर्षं काढली. तिथला काळा पत्थर वरून एकसंध दिसतो, पण आत कुठे चीर आहे ते कळत नाही. ते कळायची वेळ एकच, पाऊस पडून गेल्यावर. ऊन पडलं की सगळा दगड वाळतो, चीर तेवढी ओली राहते. काळी रेघ उमटते. त्या रेघेवर पाय ठेवायचा नाही, बाकी दगड तुमचा. माझ्या हाताखाली एकही माणूस चिरेवरून पडला नाही. मी म्हणायचो, ओला असताना दगड खरं बोलतो. उज्ज्वल आठ वर्षांचा असल्यापासून हे ऐकत आला.

दियाने डोळे मोठे केले आणि जर्मनमध्ये भरभर काहीतरी म्हणाली. त्यात "पपा" दोनदा आलं. उत्कर्षा ओट्यापाशी होती. ती एकदम म्हणाली, "दिया, बूट भिजलेत का बघ बाल्कनीत. जा." आणि स्वतःच बाल्कनीत गेली. कांदा चिरत होती, डोळ्यांत गेला असेल.

मी विचारलं, "काय म्हणत होती गं ती?"

"काही नाही. पाऊस थांबला म्हणत होती."

मला एका गोष्टीचं समाधान आहे, ते इथे लिहून ठेवतो. उज्ज्वलचं शेवटचं बोलणं माझ्याशी झालं. अशोक विजयादशमीचा दुसरा दिवस होता. गयाबाई बायकांबरोबर दीक्षाभूमीला गेली होती, मी घरी एकटा. दुपारी साडेतीनच्या सुमाराला त्याचा फोन आला. म्हणाला, "बाबा, घळीत आलोय. रात्री चांगला पाऊस झाला, आता ऊन पडलंय." मी म्हणालो, "मग आज चढ. आज दगड खरं बोलेल." हसला. म्हणाला, "तेच अनुपला सांगत होतो." अनुप म्हणजे बरोबर असलेला त्याचा मित्र. फोन ठेवला. त्याच्या आवाजात किती आनंद होता. माणसाचं शेवटचं बोलणं चांगलं झालं की पुढे आधार राहतो. गयाबाईला तो आधार नाही. ती म्हणते, मी नागपूरला गेले नसते तर माझ्याशीही बोलला असता.

५ जून, गुरुवार

माझा संशय दोरावर आहे. आमच्या खाणीत दोर सडून दोन माणसं गेली. मालकाने जुना दोर वापरायला लावला होता. इकडेही कंपन्या सारख्याच.

उत्कर्षाला विचारलं, "दोर कुठे आहे त्याचा?"

"पोलिसांनी परत दिला, बाबा. केलरमध्ये आहे." केलर म्हणजे तळघरातली प्रत्येक घराची जाळीची खोली.

ती कामावर गेल्यावर गेलो. दिवा आपोआप विझतो, तीनदा अंधारात उभा राहिलो. दोर सापडला. निळा, पिवळ्या ठिपक्यांचा. वीतवीत करून सगळा बोटांतून काढला. कुठे खरचटलेला नाही, पीळ सुटलेला नाही. नवा कोरा म्हणावा असा. दोर अडकवायच्या लोखंडी कड्यासुद्धा पक्क्या.

तिथेच त्याचे बूट होते. लहान, रबराचे, पुढून टोकदार. तळव्याला पिवळसर वाळू चिकटली होती. मी नखाने थोडी काढली आणि परत तिथेच लावली.

दोर निर्दोष आहे. मग कोण?

१४ जून, शनिवार

उज्ज्वलला पुरलं आहे तिथे गेलो. अस्थींचा डबा जमिनीत ठेवतात. गयाबाईला याचाही राग आहे, अस्थी का पाठवल्या नाहीत. उत्कर्षा म्हणाली, "दियाला येऊन बसायला जागा पाहिजे होती, बाबा." जागा स्वच्छ आहे. झाडांना पाणी घालायला हिरव्या झाऱ्या टांगलेल्या आहेत, वापरून परत टांगायच्या. मी त्रिसरण म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना विसरलो. जन्मभर म्हटलेलं विसरलो. दियाने पुढचा शब्द सांगितला. ती ते अगदी स्वच्छ म्हणते. त्यानेच शिकवलं असणार.

येताना बसमध्ये विचारलं, "अनुप का येत नाही?" तो इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे. त्या दिवशी खाली उभा राहून दोर त्यानेच धरला होता. पूर्वी दर महिन्याला घरी यायचा, असं उज्ज्वलच सांगायचा. मी येऊन पंचवीस दिवस झाले, तासाभराच्या वाटेवर राहतो, साधा जय भीम करायलाही आला नाही.

"कामात असतो तो," उत्कर्षा म्हणाली.

"कामात की तोंड दाखवायला लाज वाटते?"

ती खिडकीबाहेर बघत राहिली.

१५ जून, रविवार

मी म्हणालो, मला ती घळ दाखव. जर्मन नाव मला उच्चारता येत नाही, उज्ज्वल तिला वाळूची घळ म्हणायचा. तिथे ओढा नाही, पाणी नाही, तळाशी नुसती वाळू आणि दोन्ही अंगांना पिवळे कडे. "बाबा, जर्मनीतलं राजस्थान आहे," असं म्हणायचा. लोक सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन फिरायला जातात.

उत्कर्षा म्हणाली, "आता बंद आहे. ते संरक्षित आहे, बाबा. ससाण्याची पिल्लं आहेत कड्यावर. तीस जूनपर्यंत जाऊ देत नाहीत."

पाखराच्या पिल्लांना त्रास होऊ नये म्हणून आख्खी घळ बंद ठेवतात. माझा पोरगा गेला तेव्हा किती दिवस बंद ठेवली, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. पिल्लांचा काय दोष.

२२ जून, रविवार

आज मी वाईट वागलो. तसंच लिहितो.

गयाबाईचा फोन आला. "महिना झाला. काय कळलं?"

"दोर चांगला होता."

"दोराचं नाही विचारलं मी. रविवार होता. लेक घरात होती. नवऱ्याला घरी थांबवता आलं नाही उत्कर्षाला? मी पस्तीस वर्षांत तुम्हाला एक रविवार खाणीवर जाऊ दिलं का? विचारा तिला. तुमच्याने होत नसेल तर मला द्या फोन."

मी फोन दिला नाही. मीच विचारलं. उत्कर्षा दियाच्या केसांची वेणी घालत होती. मी म्हणालो, "तू का जाऊ दिलंस त्याला?"

तिचे हात थांबले. दियाला म्हणाली, "आत जा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो, बाबा. मी थांबवायला पाहिजे होतं. माझीच चूक आहे. आईंना सांगा."

फार पटकन म्हणाली. मी भांडायच्या तयारीने आलो होतो. ज्याच्याशी भांडायचं तोच हात जोडून उभा राहिला की माणूस वेडा होतो. मी आणखी बोललो. तुला शिकलेली सून म्हणून आणली, असं काहीतरी. ती ऐकून घेत राहिली. अर्धी वेणी घातलेली दिया दारातून बघत होती.

मग गयाबाईला फोन केला. सांगितलं, ती कबूल झाली.

गयाबाई म्हणाली, "बघा. मला माहीतच होतं." आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मोकळी रडली. मला वाटलं, चला, काम झालं. तिला रडायला तरी मिळालं. शेवटी म्हणाली, "आता त्या बाईचं नाव माझ्यासमोर काढू नका. मी मेले तरी तिला कळवू नका."

मग मला बरं का वाटत नाही, ते कळत नाही.

२ जुलै, बुधवार

उत्कर्षा माझ्याशी पूर्वीसारखीच वागते. ताटात आधी माझी पोळी. मी तिच्या नजरेला नजर देत नाही.

घळ उघडली. दियाने फोनवर दाखवलं. मी उत्कर्षाला म्हणालो, "एकदा ने. मग विचारणार नाही." तिने बराच वेळ भांडी विसळली. मग म्हणाली, "अनुपला बोलावते. त्याची गाडी आहे."

आठवडाभर कडक ऊन आहे. गळ्यातल्या किल्लीच्या सुतळीने मान खाजते.

५ जुलै, शनिवार

हे लिहायला मला जड जातं आहे. पण हजेरी चुकवायची नाही.

सकाळी अनुप आला. दारातच वाकला. "जय भीम, काका." उंच माणूस, पण खांदे असे पाडलेले की कोणी ओझं दिलंय. गाडीत दिया त्याच्याशी जर्मनमध्ये बोलत होती, तो "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'बरोबर, बरोबर', करत होता. माझ्याशी बोलताना आरशात बघायचा आणि नजर काढून घ्यायचा. मी मनात म्हणालो, हा लपवतोय.

पाइनची झाडं संपली आणि घळ सुरू झाली. उज्ज्वल खोटं बोलला नव्हता. पायाखाली वाळू, इतकी बारीक की बुटात शिरते. दोन्ही बाजूंना पिवळे-तांबूस कडे, वाऱ्याने भोकं पाडलेले. लोक काठ्या टेकत फिरत होते, एक बाई तान्हं पोर पाठीला बांधून चालली होती. भेटेल तो हसून नमस्कार केल्यासारखं बोलत होता. मला कळेना, अशा जागी माणूस कसा मरतो.

सुरुवातीला मोठा फलक होता. वाचायची गरज नाही, सगळी चित्रं. जाळ करायचा नाही. फुलं तोडायची नाहीत. वाट सोडायची नाही. कुत्रा मोकळा सोडायचा नाही. मी एकेक बघत आलो. शेवटच्या चित्रात एक ढग, त्याखाली तीन थेंब, त्याखाली कडा चढणारा माणूस आणि त्याच्यावर तांबडी फुली.

मी विचारलं, "हे काय आहे?"

उत्कर्षा म्हणाली, "चला पुढे, बाबा. ऊन वाढेल."

अनुप पुढे निघाला होता.

फलकापाशी हिरवा सदरा घातलेली, घळीची राखण करणारी एक बाई होती. मी त्या चित्रावर बोट ठेवून तिच्याकडे बघितलं. ती सावकाश सांगायला लागली. मला काय कळणार? दियाने माझा हात धरला. आज पहिल्यांदा ती माझ्याशी मराठीत सलग बोलली, अडखळत. "आजोबा, ती सांगते, पाऊस आला की चढायचं नाही. तीन दिवस नाही. हा दगड... वाळूचा आहे. पाणी आत जातं. बाहेरून कोरडा दिसतो, पण आत... कसं सांगू? चहातलं बिस्किट. तसा."

मी परत त्या तीन थेंबांकडे बघितलं.

"पण पपा म्हणायचे," दिया पुढे म्हणाली, "आजोबा म्हणतात ओला दगड—"

"दिया!" उत्कर्षा ओरडली. इतक्या जोरात की ती राखणदार बाई मागे सरकली.

माझा हात मात्र तिने सोडला नाही.

मी कड्यापाशी गेलो. वाट सोडून चार पावलं. कोणी अडवलं नाही. बोटाच्या पेराने वाजवून बघितला. आमचा पत्थर वाजवला की खणखणतो. हा ठप्प बोलला, पिठाच्या पोत्यासारखा. नखाने खरवडला तर नखात वाळू आली. आठवडाभराच्या उन्हात वाळलेला दगड, आणि तो नखाने निघत होता.

पस्तीस वर्षं दगडात घालवली. काळ्या पत्थराशिवाय दुसरा दगड मला माहीत नव्हता, आणि जगात दुसरा दगड असेल हे मनातही आलं नाही. फोनवर इतक्या वेळा बोललो. काय जेवलास, थंडी किती आहे, सगळं विचारलं. तुझा दगड कसला आहे, हे एकदाही विचारलं नाही.

मी अनुपला म्हणालो, "सांग."

तो उत्कर्षाकडे बघायला लागला.

"तिच्याकडे बघू नको. मी मुकादम होतो, मी असे जबाब घेतलेत. सांग."

तो वाळूत बसला. "काका, मी म्हणालो होतो त्याला. काल पाऊस झालाय, आज नको, इथला नियम आहे, नुसतं चालून परत जाऊ. तो म्हणाला, नियम माहीत नसणाऱ्यांसाठी असतो. माझा बाप खाणीतला आहे. मग तुम्हाला फोन लावला. फोन ठेवून म्हणाला, बघ, बाबांनी हो म्हटलं."

"मग?"

"ऊन लागून कडा वाळला होता. कुठे कुठे काळ्या रेघा राहिल्या होत्या. त्या रेघा बघून बघून चढत होता तो, काका. एकाही रेघेवर पाय दिला नाही त्याने. मला वरून दाखवत होता, ही बघ चीर, ही बघ चीर. कड्यात ठोकलेल्या पहिल्या कडीला दोर अडकवायच्या आधी एका कोरड्या खोबणीत दोन्ही हात घातले आणि... ती खोबणच सुटून आली. माझ्या हातात दोर होता. दोराचा काही उपयोगच नव्हता. अजून वर अडकवलाच नव्हता."

सांगितलं होतं तसंच केलं पोराने. एकही रेघ चुकला नाही.

मला वाटतं मी खाली बसलो. वाळू गरम होती. उत्कर्षाने माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं, जशी दियाला घेते. आजूबाजूने लोक डबे घेऊन चालले होते. एकाने पाण्याची बाटली पुढे केली.

६ जुलै, रविवार

दिवसभर पडून होतो. संध्याकाळी उत्कर्षा चहा घेऊन आली. बशीत बिस्किटं नव्हती. तिने मुद्दाम ठेवली नाहीत हे माझ्या लक्षात आलं.

मी म्हणालो, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"मी तुला बोललो तेव्हाही."

"हो."

"मग स्वतःवर का घेतलंस, पोरी?"

ती पलंगाच्या कडेला बसली. "आईंना कोणाचा तरी राग करायला पाहिजे, बाबा. त्याशिवाय त्यांचा दिवस जात नाही. मी लांब आहे. माझ्यावर केला तर काय होतं? फोन बंद झाला, एवढंच. तुमच्यावर केला तर तुम्ही कुठे जाणार? त्या घरात दोन खोल्या आहेत. तुम्हाला म्हातारपण तिथे काढायचंय, दोघांनाच."

"तू त्याला थांबवलं नाहीस, हे खरं का?"

"मी दियाला घेऊन पोहायला गेले होते. तो घळीत गेलाय हे मला पोलिसांनी सांगितलं." ती उठली. "आईंना सांगू नका. माझं काही बिघडत नाही. खरंच."

बिघडत नाही म्हणाली आणि कप उचलताना चहा तिच्या हातावर सांडला. तिला भाजलेलंही कळलं नाही.

८ जुलै, मंगळवार

दोन दिवस विचार केला. सांगितलं नाही तर गयाबाई माझ्या शेजारी बसून रोज त्या पोरीला शिव्या देईल, आणि मी मान हलवीन. भाकरी खाताना मान हलवीन, विहारात मान हलवीन. मी भित्रा माणूस आहे. जन्मभर भीत आलो. सुरुंगाला भ्यालो, मालकाला भ्यालो, इथल्या दारालासुद्धा भितो. मला हेही जमलं असतं. त्याचीच भीती वाटली.

दुपारी उत्कर्षा कामावर होती तेव्हा फोन लावला. म्हणालो, "गया, बस खाली."

"बसलेलीच आहे. काय झालं?"

सगळं सांगितलं. आधी दगडाचं, मग फोनचं. अनुप काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. शेवटी म्हणालो, "तू विचारून या म्हणाली होतीस. विचारलं. मी मारलं. सुनेची काही चूक नाही. तिने माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

मला वाटलं फोन कटला. बघितलं तर सेकंद पुढे जात होते. गल्लीतला भंगारवाला ओरडत होता तो ऐकू आला. तो पुढे निघून गेला.

मग म्हणाली, "उत्कर्षा कधी येते घरी?"

"साडेपाचला. आपले नऊ."

"तेव्हा लावते." आणि ठेवला.

साडेपाचला फोन आला. उत्कर्षा अजून सायकलची टोपी काढत होती. स्क्रीनवर नाव बघून तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "घे." ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं होतं. आधी नुसतं "आई... आई..." ऐकू येत होतं. मग दोघी रडत असाव्यात. मी दियाला घेऊन खाली गेलो. तिने मला सायकलची घंटी कशी वाजवतात ते दाखवलं.

१३ जुलै, रविवार

गयाबाईचा फोन रोज येतो. उत्कर्षाच्या फोनवर. दोघी अर्धा तास बोलतात. आज आमसुलाचं सार कसं करायचं ते विचारत होती उत्कर्षा. हसण्याचा आवाज आला, लहानसा.

माझा फोन मी चार्ज करून टेबलावर ठेवतो.

१९ जुलै, शनिवार

अनुप आला होता. जेवला. जाताना म्हणाला, "काका, मला झोप लागते आता." मी म्हणालो, "बरं झालं." खरंच बरं झालं. त्याच्यावर मी मनात काय काय आरोप केले होते ते त्याला सांगितलं नाही.

पिशवीभर जांभळं आणली होती त्याने, इथली, वेगळीच असतात. दियाची जीभ निळी झाली.

२७ जुलै, रविवार

जायला अठरा दिवस राहिले. उत्कर्षा म्हणाली, व्हिसा वाढवता येतो का बघू का? मी म्हणालो, नको. मला जायलाच पाहिजे. तिथे दोन खोल्या आहेत. गयाबाईने जे काय ठरवलं असेल ते समोर बसून ऐकायला पाहिजे.

मी तीनदा फोन लावला या आठवड्यात. वाजतो. उचलत नाही.

आज जेवण झाल्यावर तिचा फोन आला, नेहमीसारखा उत्कर्षाला. मी शेजारीच बसलो होतो. उत्कर्षाने सगळं विचारून झाल्यावर माझ्याकडे बघितलं आणि फोनवर म्हणाली, "आई, बाबा इथेच आहेत. देऊ त्यांना?"

मी हात पुसून पुढे केला.

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. उत्कर्षा "बरं," म्हणाली, आणि दियाला हाक मारून फोन तिच्या हातात दिला.